रिकाम्या गाडीतला पिवळा चौकोन

दोन्ही हात वर. पाय जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर. श्वास घेतला तरी चालतो, लोक उगाच धरून ठेवतात.

*

आंबेसर ते मुंबई, विमानाने पंचावन्न मिनिटं. आंबेसर एसटी स्टँड ते आंबेसर विमानतळ, एक तास पाच मिनिटं. रेल्वेचं फाटक उघडं असेल तर.

*

पाठीला गूळ बांधायचा असेल तर ढेपेपेक्षा वड्या बऱ्या. ढेप घसरते.

*

आईचं म्हणणं, मी बसलेला असताना जास्त चांगला दिसतो.

*

"तुमचा मुलगा नक्की करतो काय?"

*

हा प्रश्न मुरारराव गावड्यांनी माझ्या आईला विचारला, आमच्याच घरात, आमच्याच चहाचा कप हातात धरून. मी समोर बसलो होतो. त्यांच्या मुलीशी, रेवतीशी, माझं लग्न ठरलं होतं आणि त्याला बावीस दिवस राहिले होते.

"विमानतळावर आहे की," आई म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

"विमानतळावर आहे ते माहीत आहे. तिथं काय करतो ते मला काल बाजारात कळलं." त्यांनी कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुम्हीच सांगा. खोलीत बसता म्हणं."

"हो, मामा."

"दार लावून."

"तसा नियम आहे."

"आणि बायामाणसं मशीनमधनं जातात, ती तुम्हाला दिसतात. कपड्याबिगर."

आई उठून आत गेली. तिला आत काही काम नव्हतं. आमच्या घरात भिंतीआडून जास्त चांगलं ऐकू येतं.

*

मशीनबद्दल आधी सांगतो, कारण तेव्हा ते आंबेसरात कुणालाच माहीत नव्हतं.

काचेची उभी पेटी, फोनच्या जुन्या बूथसारखी, पण रुंद. तीन महिन्यांच्या चाचणीसाठी आली होती. मोठ्या विमानतळावर चाचणी घेतली तर रांगा लागतात. आमच्याकडे दिवसाला एक विमान, त्यात तीसचाळीस माणसं. प्रवासी आत उभा राहतो, हात वर करतो, तीन सेकंदांत तपासून होतो. त्याचं चित्र जातं दुसऱ्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नाही, आणि तिथं बहुतेक वेळा मी बसायचो.

आता त्या पडद्यावर काय दिसायचं, तर प्रवासी नाही. एक तयार आकृती दिसायची, सगळ्यांना एकच. गोल डोकं, दोन हात, दोन पाय. मुतारीच्या दारावर असते तशी. अंगावर कुठे काही असेल तर आकृतीवर त्या जागी पिवळा चौकोन उमटायचा. मी बटण दाबायचो, बाहेर लाल दिवा लागायचा, मग बाहेरचा शिपाई त्याला किंवा तिला पडद्याआड नेऊन तपासायचा. बायकांना बाई, पुरुषांना पुरुष. मला प्रवासी दिसायचा नाही, प्रवाशाला मी दिसायचो नाही. आणि आत काय दिसतं ते कुणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही, असं मी सही करून दिलं होतं.

ही सगळी व्यवस्था लोकांची अब्रू राखायला केलेली होती. पण दार बंद होतं. बंद दारामागे अब्रू राखण्याचं काम चालतं, यावर आंबेसरात कुणाचा विश्वास बसला नाही.

*

पहिल्या पंधरा दिवसांत:

महिला मंडळाच्या अध्यक्षा मे महिन्यात दोन स्वेटर घालून मुंबईला गेल्या.

हायस्कूलचे मुख्याध्यापक जगदाळे सर मशीनमध्ये पाठमोरे उभे राहिले.

एका आजोबांनी बाहेर येऊन लाल दिव्याकडे बघत विचारलं, "मुतखडा आहे का अजून?"

आमच्या गल्लीतल्या बायका मी दिसलो की पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागल्या. त्यातल्या तिघींनी विमान आयुष्यात जवळून पाहिलं नव्हतं.

*

"मामा, तसं काही दिसत नाही," मी म्हणालो. मग सही आठवली. "म्हणजे, काय दिसतं ते मला सांगता येत नाही. पण तसं नाही."

"दाखवा मग."

"दाखवता येत नाही."

"कागदावर काढून दाखवा."

हे नियमात बसतं की नाही याचा मी थोडा वेळ विचार केला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ती आकृती काढली. डोकं, हात, पाय. मुराररावांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे काढायला तीन महिने मशीन कशाला पाहिजे," ते म्हणाले. "हे आमच्या रेवतीनं बालवाडीत काढलंय."

मुराररावांचा बायपासला वजनकाटा होता. ऊस, हळद, भंगार, विटा, जे काही ट्रकमध्ये मावतं ते त्यांच्या काट्यावरून जायचं. तीस वर्षं लोक त्यांना फसवायला बघत होते. दगड घालून, पाण्याच्या टाक्या भरून, चाक काट्याच्या काठावर ठेवून. त्यामुळे माणसाच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता आणि मशीनवर तर त्याहून नव्हता. त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर. गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची. फरक राहील तेवढं खरं.

"असं करू," ते म्हणाले. "आम्ही येणार. मी, आमची ही, आणि रेवती. कधी ते सांगणार न्हाई. अंगावर काय घेणार ते सांगणार न्हाई. मी आधी भरलेला जाणार, मग रिकामा. आणि मग घरी येऊन सगळ्यांसमोर तुम्हाला विचारणार, काय बघितलंत."

"मला सांगता येणार नाही."

"सांगितलंत, तर तुम्हाला सगळं दिसतं. सोयरीक मोडली. आणि दिसलं न्हाई म्हणालात, तर सरकारी खुर्चीवर झोपा काढता. असल्या माणसाला पोरगी कशी द्यायची?"

"मग मी म्हणायचं तरी काय?"

"ते मला काय विचारता," मुरारराव म्हणाले, आणि उरलेला चहा प्यायले.

*

मला रेवती हवी होती. सरळच लिहितो.

मुलगी बघायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला होता. "तुमचं वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ती वडिलांच्या काट्यावर संगणकाशी बसायची. "एक्क्याऐंशी," ती म्हणाली आणि पोह्यांची बशी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन वजन केलं. एक्क्याऐंशी. त्या दिवसापासून मला दुसरी कुणी नको होती.

*

फोन, मंगळवार, दुपार.

"खरं सांगा. मी आत उभी राहिले तर तुम्हाला कळेल, मी आहे ते?"

"अजिबात नाही. काळजीच करू नका. सगळे अगदी सारखे दिसतात."

"सगळे."

"सगळे."

"म्हणजे मी आणि जगदाळे सर सारखेच."

"मशीनला."

"मी मशीनला विचारलं नाही."

थोडा वेळ ट्रकचे आवाज.

"बरं," मी म्हणालो, "कळेल मला. तुम्ही असाल तर कळेल."

"कळेल? कसं कळेल? म्हणजे बाबा म्हणतात ते खरंय."

"नाही कळणार."

"नक्की काय ते ठरवा, शिवदास. मला पावत्या काढायच्यात." आणि फोन ठेवताना ती हसली असावी, असं मला वाटलं. किंवा ब्रेक वाजला असेल.

*

बुधवार, सकाळी सव्वाआठ. विमानतळाचं बाहेरचं फाटक.

त्या दिवशी मी खोलीत नव्हतो. ड्युटी फिरती असते. खोलीत माझी सहकारी सुलभा तांदळे बसली होती आणि मी फाटकावर, चाकं लावलेला लांब दांड्याचा आरसा घेऊन, येणाऱ्या गाड्यांची पोटं खालून तपासत होतो.

पांढरी जीप आली. नंबर मला पाठ होता. पुढे मुरारराव, एरवीपेक्षा जाड. मागे त्यांच्या पत्नी इंदूमामी आणि रेवती.

सरळ पुढे होऊन सांगायला हवं होतं. मामा, आज मी आत नाही, परत कधीतरी या. पण त्यांना मी मशीनचा साहेब म्हणून माहीत होतो आणि माझ्या हातात दांडा होता. शिवाय आज परत गेले असते तर पुन्हा आले असते, मी आत असताना. मी टोपी पुढे ओढली आणि वाकलो. वाकलेलाच राहिलो. जीपला मी चारही बाजूंनी आरसा लावला, मग पुन्हा दोन बाजूंनी.

"काय शोधतोय एवढं?" वरून मुराररावांचा आवाज आला.

"जाऊ द्या," माझा जोडीदार म्हणाला, आणि जीप गेली.

जीपचं इंजिन ऑइल गळत होतं. एवढंच काय ते मी त्या दिवशी बघितलं.

*

आत काय झालं ते मला पाटोळे हवालदारांनी सांगितलं, विमान उडाल्यावर, कँटीनमध्ये. पुरुषांच्या पडद्याआड तेच असायचे. सत्तावीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस पडद्याच्या आत. मुराररावांना ऐकायला आवडलं असतं अशा पद्धतीने लिहितो.

गाडीचा प्रकार: मुरारराव गावडे, वय सत्तावन्न.

फेरी पहिली, भरलेली. पिवळे चौकोन पाच. पाठीवर गुळाची ढेप, उपरण्याने बांधलेली, तोवर कमरेपर्यंत उतरलेली. उजव्या मोज्यात ट्रकच्या चाकाचा नट. टोपीत घडी घातलेला सातबारा. खिशात हळकुंड. डाव्या काखेत उकडलेलं अंडं, त्याचा चौकोन पार बरगडीच्या खालपर्यंत पसरलेला.

"अंडं काढून घेताना," पाटोळे म्हणाले, "माणूस माझ्याकडं असा बघत होता, जसं काय मीच दिलंय."

फेरी दुसरी, रिकामी. म्हणजे मुराररावांनी सगळं ट्रेमध्ये ठेवलं, पट्टा, पाकीट, चष्मासुद्धा ठेवला, आणि म्हणाले, "आता रिकामी गाडी घ्या." पाटोळे म्हणाले, गरज नाही. ते म्हणाले, रिकाम्याबिगर भरल्याला अर्थ नाही. मागे रांगेत सव्वीस माणसं होती. कुणीतरी म्हणालं, "काका, विमान आहे, एसटी नाही." मुरारराव वळून म्हणाले, "एसटीसाठी एवढं कोण करतंय?" आणि आत जाऊन हात वर केले.

लाल दिवा.

"चूक आहे," मुरारराव म्हणाले. "काटा खराब आहे तुमचा."

पुन्हा हात वर. पुन्हा लाल. एकच चौकोन, त्याच जागी, छातीच्या डाव्या अंगाला, बरगडीच्या खाली.

"मी रिकामा आहे," मुरारराव म्हणाले. "लिहून देतो."

"आत चला," पाटोळे म्हणाले.

इंदूमामींनी तोवर मशीनला हात जोडून दाखवले होते. हात वर करायला त्या तयार नव्हत्या, पण जोडले तर चालेल का, असं विचारत होत्या. रेवती केव्हाच पार होऊन पलीकडे बाकावर बसली होती, वडिलांची ढेप मांडीवर घेऊन.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पडद्याआड गेलो. शर्ट वर केला त्यांनी. बनियन वर केला." पाटोळ्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "मी बघितलं. त्यांनी मी बघताना बघितलं. जणू त्यांनाच आत्ता आठवलं की आपल्या अंगावर हे आहे. मी म्हणालो, जावा. गेले."

"काय होतं?"

पाटोळे बिस्कीट खात राहिले.

"धोक्याचं होतं का?"

"विमानाला? छे."

"हवालदार, माझे सासरे होणार आहेत ते."

"मग तर मुळीच नाही. शिवदास, एकोणीस वर्षांत मी काय काय बघितलंय. माझ्या बायकोला विचार, तिला यातलं एक अक्षर माहीत नाही. ती म्हणते, तुम्ही दिवसभर करता काय. मी म्हणतो, उन्हात उभा असतो." ते उठले. "फक्त एक सांगतो. बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, आत खोलीत बसलेल्यालापण हे दिसलं असेल का? मी म्हणालो, तो दिवा त्यानंच लावला."

"हवालदार, आज सुलभा होती."

"त्यांनी नाव नाही विचारलं."

*

मुंबईत त्यांचं काहीच काम नव्हतं. कुर्ल्याच्या नातेवाइकांकडे दोन दिवस राहून ते एसटीने परत आले आणि रविवारी सकाळी आमच्या दारात जीप उभी राहिली. इंदूमामी आणि रेवती घरात गेल्या. मुराररावांनी मला माझ्या मोटरसायकलपाशी अडवलं.

"पाव्हणं, दुसऱ्या फेरीला जे दिसलं."

"मामा, त्याबद्दलच. मी त्या दिवशी..."

"थांबा. आधी मी." ते सीटवरची धूळ बोटाने पुसत होते. "तेवीस वर्षं आहे ते अंगावर. हिला ठाऊक आहे, पण का आहे ते ठाऊक न्हाई. आंघोळीला असतं, झोपताना असतं. आता आहे ते मलाच कळत न्हाई. तुम्हाला सांगतो, काट्यावर ड्रायव्हर दोन्ही फेऱ्यांना गाडीत बसलेला असतो. भरल्यात तो, रिकाम्यात तो. म्हणून वजाबाकीत कधी येतच न्हाई. तसं झालं."

"मामा, मी तिथं..."

"तुम्हाला काय वाटलं असेल ते वाटलं असेल. मी विचारत न्हाई. फक्त एवढंच, की आत मी विचारणार आहे. सगळ्यांसमोर. मी म्हणालोय तसं, आता मागं घेता येत न्हाई. हिला संशय येईल."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलेलंच होतं, ते पुन्हा चाचपलं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस इतका उघडा मी तोवर पाहिला नव्हता. मशीनमध्ये तर कधीच नाही.

बोलायला मला तेवढाच वेळ होता, मोटरसायकल ते उंबरा. नऊ पावलं. मी सांगितलं असतं, मी फाटकावर होतो, तर त्यांना किती बरं वाटलं असतं. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जीप आली असती.

मी चप्पल काढली आणि आत गेलो.

*

सगळे बसले. आई भिंतीआड गेली नाही, दारातच उभी राहिली.

मुराररावांनी घसा साफ केला. "मी, ही आणि रेवती बुधवारी मशीनमधनं गेलो. ठरल्याप्रमाणं. आता पाव्हण्यांना विचारतो." त्यांचा आवाज काट्यावर असतो तसाच होता, पण डोळे माझ्या गुडघ्यांवर होते. "शिवदास. काय बघितलंत?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

इंदूमामींनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही, मामा. शपथ घेऊन सांगतो."

मुराररावांनी हळूहळू मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आयुष्यात इतकं खरं क्वचित बोललो असेन आणि त्याबद्दल माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "ऐकलं का सगळ्यांनी? याला म्हणतात माणूस."

"अहो, पण तुम्ही तर म्हणाला होता, काहीच दिसलं नाही म्हणाला तर झोपा काढतो," इंदूमामी म्हणाल्या. "काखेत अंडं होतं तुमच्या."

"तुला न्हाई कळायचं."

"पाच किलोचा गूळ होता."

"इंदू, चहा घे."

रेवती खाली बघत होती. तिचे खांदे हलत होते. आईला वाटलं ती रडते आहे. तिने पाणी आणून दिलं.

सगळे गेल्यावर आई कप उचलताना म्हणाली, "बुधवारी तू फाटकावर होतास ना? पाठ दुखते म्हणून तेल लावून घेतलंस."

"हो."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि नळ सोडला.

*

याला अकरा वर्षं झाली. मशीनची चाचणी संपली आणि ते ट्रकमध्ये घालून परत नेलं. ट्रक गावड्यांच्या काट्यावरून गेला. सहाशे चाळीस किलो. त्यानंतर अजून तरी आंबेसरला दुसरं आलेलं नाही.

त्या दिवशी बरगडीखाली काय होतं ते मला माहीत नाही. आई म्हणते, नवसाचं काही असेल. मी एकदा इंदूमामींना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, पोटपट्टा असेल, पोट सुटलंय ना. पोटपट्टा तेवीस वर्षं कुणी आंघोळीला घालत नाही. पाटोळे हवालदार निवृत्त होऊन गावी गेले, दिवाळीला फोन करतात, आणि मी विषय काढला की पावसाचं विचारतात.

मुरारराव चारचौघांत माझी ओळख करून देताना अजून म्हणतात, "आमचे जावई. पोटात ठेवणारा माणूस." जेवायला बसलो की माझ्या ताटात आधी वाढायला लावतात. कधी कधी, घास तोंडात असताना, माझ्याकडे बघून डोळे किंचित मिटतात. मीही मिटतो. कशावर मिटतो ते मला माहीत नाही.

बुधवारची ती तिकिटं रेवतीने काढली होती. त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी, तिने सुलभा तांदळेला फोन करून माझी फाटकावरची ड्युटी कधी आहे ते विचारून घेतलं, आणि मग वडिलांना सांगितलं की बुधवारचं विमान स्वस्त असतं.